असा किडा नसतो

४ मार्च

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा:

सूक्ष्मदर्शक एक. नळी जुन्या दुर्बिणीची, भिंगं मी घासलेली, खालचा आरसा माझ्याच दाढीच्या आरशातून कापलेला. किड्यांच्या पेट्या, काचेच्या झाकणाच्या, एकवीस. चिमटे तीन, त्यांतला सर्वांत बारीक तुझ्या केसांच्या आकड्यापासून. स्वयंपाकघरातलं फडताळ, ज्याचं दार तुझ्या मते तिरकं आहे आणि माझ्या मते भिंत तिरकी आहे. स्टूल. खिडकीची जाळी. तुझ्या शिवणमशीनचं पायडल. पण ते मशीनला लागलेलं आहे, तेव्हा मशीनबरोबर जाईल. मी काढून घेणारा माणूस नाही.

बाकी सगळं तुझं. तू तुझ्या वस्तूंची यादी पाठवलीस, टेम्पो पाठवते म्हणालीस, म्हणून ही माझी यादी. दारात गाडी उभी असताना वाद नको.

छत्री कुणाची, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस. दांडा आणि तारा माझ्या, आतलं पांढरं अस्तर तू शिवलेलं. फांदीखाली उलटी धरायची छत्री अस्तराशिवाय काही कामाची नाही आणि अस्तर छत्रीशिवाय नुसता गोल कपडा आहे. काय करायचं ते कळव.

आता दुसरी गोष्ट. मशीन जायच्या आधी तेल द्यावं म्हणून खण उपसले. बटणांच्या डब्यात तळाशी औषधाच्या गोळ्यांची एक काचेची कुपी निघाली. आत एक किडा, चार मिलिमीटरला जरा कमी, वाळून चहाच्या चोथ्यासारखा झालेला. सोबत तुझ्या अक्षरात चिठ्ठी: 'असा किडा नसतो – इति चष्मेवाले.'

मी असं कधी म्हणालो, आठवत नाही.

किडा भिंगाखाली घेतला. पंखाच्या टोकाआधी तो तिकोनी तुकडा आहे, म्हणजे आपल्या पानढेकणांपैकीच, झाडाचा रस पिणारा. पण मिशीचा दुसरा सांधा विडीसारखा फुगीर, आणि त्या तिकोनावर बदामाच्या आकाराचा पांढरट डाग. माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांतून शोधला. नाही. संग्रहालयाच्या डॉक्टरांना फोटो पाठवले आहेत.

कुठल्या झाडावरचा आणि कधीचा, एवढं कळव. झाड माहीत नसलेला पानढेकूण म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे.

चष्मेवाला


१५ मार्च

तुझं कार्ड मिळालं. 'तुतीवरचा. तुमच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या तेव्हाचा. आठवत नसेल तर राहू द्या. टेम्पो दोन तारखेला येईल.'

आठवतं. न आठवायला काय झालं.

छापखान्यामागची ती खोली. एक खिडकी, ती अंगणातल्या तुतीकडे उघडणारी, आणि दिवसभर यंत्राची धडधड. पाणी प्यायला घेतलं तर ग्लासात वर्तुळं उठायची. काच घासताना कपची उडून माझ्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बांधले. मी म्हणालो, डावा तर चांगला आहे. ते म्हणाले, चांगला डोळा हलला की दुसराही हलतो, नवरा-बायकोसारखं आहे ते. तू हसलीस. मला आवाज आला.

किडे गोळा करायचा माझा रविवार बुडाला म्हणून मी चिडचिड करत होतो. तेव्हा तू छत्री घेऊन एकटी अंगणात गेलीस, एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने फांदीवर काठी मारलीस, आणि अस्तरावर पडलेलं सगळं माझ्या खाटेपाशी घेऊन आलीस. 'सांगते, ओळखा,' म्हणालीस.

तुला किड्यांचे अवयव ठाऊक नव्हते. तू शिवणातले शब्द वापरलेस. 'हा लांबट आहे, पाठीवर मधोमध शिवण, शिवणीला धरून काळी कड.' मी नाव सांगायचो. 'याच्या बाह्या तोकड्या आहेत, पोट उघडं पडलंय.' मी नाव सांगायचो. 'याच्या मानेला गोट लावलाय, पण शिंप्याने घाई केली, एका बाजूला जास्त आलाय.' तेही सांगितलं. डोळे बांधलेले असताना मी जितके किडे नीट पाहिले तितके उघड्या डोळ्यांनी फार थोडे पाहिले असतील. हे तुला तेव्हा सांगितलं होतं की नाही, लक्षात नाही.

मग एकदा तू म्हणालीस, 'हिरवा. गुडघ्यावर लाल टिकली. मिशा अर्ध्यात जाड. मागच्या त्रिकोणावर पांढरा बदाम.' मी म्हणालो, असा किडा नसतो. तू म्हणालीस, 'माझ्या समोर आहे.' मी म्हणालो, तू दोन किडे एक करून सांगते आहेस. मशीनचा खण उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, दोरा काढलास.

याबाबत माझं म्हणणं एवढंच, की मी बोललो ते शब्दशः बरोबर होतं. शास्त्राला ठाऊक असलेला असा किडा तेव्हा नव्हता. अजूनही नाही. संग्रहालयाच्या डॉक्टरांचं पत्र आलं आहे: ते नवीनच म्हणतात, पण एका वाळक्या किड्यावर जात उभी राहत नाही. आणखी नमुने हवेत, जिवंतपणीचे रंग हवेत. मेल्यावर हिरवा रंग सगळ्यात आधी जातो.

तो जिवंत पाहिलेलं माणूस जगात एकच आहे. तेव्हा तुला जे आठवेल ते लिही. शिवणातल्या शब्दांत लिहिलंस तरी मला समजतं.

दोन तारीख ध्यानात आहे.

चष्मेवाला


२९ मार्च

या वेळी कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्यास, पत्त्याची जागासुद्धा अर्धी खाल्लीस. पोस्टमनने विचारलं, 'बाईंचं का? अक्षर ओळखलं. पुन्हा यायला लागली कार्डं.' मी म्हणालो, शास्त्रीय पत्रव्यवहार आहे.

तुझं वर्णन वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं: 'हिरवा म्हणजे पोपटी नाही. नव्या अस्तराच्या कापडाचा, कांजी न धुतलेला हिरवा. डोळे तपकिरी बटणं, दोन भोकांची वाटावीत अशी चकाकी. पाय फिके, धाग्यासारखे, गुडघ्यावर लाल टाका. बदाम पांढरा, पण कडेला पिवळसर, दुधाच्या पातेल्याच्या काठासारखा. चालताना थांबतो, मिशा एकेक करून पुसतो, मग पुढे. उडायचा कंटाळा.'

काल तिकडे गेलो. छापखाना गेला, तिथे फरश्यांचं गोदाम आहे. आपल्या खोलीत आता संडासाची भांडी रचून ठेवली आहेत. खिडकी तीच. मी लावलेली कडीही तीच, अजून घट्ट बसते. तुती आहे, एक बाजू तारांसाठी छाटलेली, पण आहे. फळं धरली आहेत.

राखणदाराने विचारलं, 'काय पाहिजे?'

'किडे.'

'फरश्या नकोत?'

'नकोत.'

'मग न्या की, त्याला काय पावती लागते?'

छत्री आणि काठी एकट्याने सांभाळायचं काम तुला कसं जमलं ते मला कळत नाही. छत्री डाव्या हातात धरली की काठी फांदीपर्यंत पोहोचत नाही. काठी पोहोचली की छत्री कलंडते आणि पडलेलं सगळं माझ्या सदऱ्यात. दांडा पट्ट्यात खोवून पाहिला. दातांत धरून पाहिला. राखणदार खुर्ची घेऊन बसला होता, म्हणाला, 'तिकीट लावा साहेब.' शेवटी त्यालाच छत्री धरायला दिली. तो दर फटक्याला डोळे मिटायचा. तू कधी मिटले नाहीस.

तासाभराने पडला. मग आणखी. नर आणि मादी दोन्ही, आणि पंख न फुटलेली पिल्लंही. एकाला पांढऱ्या अस्तरावर चालू दिलं. थांबला. एक मिशी पुसली, मग दुसरी. मी तुझं कार्ड बरोबर नेलं होतं. एकेक शब्द ताडून पाहिला. हिरवा बरोबर. बटणं बरोबर. पातेल्याचा काठ बरोबर.

एक चूक आहे. लाल ठिपका गुडघ्यावर नाही; मांडीच्या टोकाला, गुडघ्याच्या किंचित वर आहे. नोंद करून ठेवतो.

अस्तरावर जुने जांभळे डाग आहेत, त्यांवरून मी तुला बोलायचो. आता त्यांच्या शेजारी नवे पडले. धुतलेलं नाही.

चष्मेवाला


३ एप्रिल

टेम्पो काल आला, ठरल्या वेळी. ड्रायव्हर सज्जन होता. मी आधीच सगळं बांधून दारापाशी लावलं होतं, जड खाली, नाजूक वर, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहून. तो म्हणाला, 'काका, अशी गिऱ्हाइकं असती तर मी म्हातारा झालो नसतो.'

मशीन शेवटी चढवलं. गोधडीत गुंडाळलं होतं, ती तुझीच आहे, यादीत लिहायची राहिली होती. तो छत्रीकडे बघून म्हणाला, 'ही?' मी म्हणालो, तिच्याबद्दल अजून निर्णय नाही. तो म्हणाला, 'बाई म्हणाल्या होत्या, छत्री दिली तर आणू नकोस.' मी विचारलं, असंच म्हणाल्या? तो म्हणाला, 'असंच. दोनदा म्हणाल्या.'

मशीनच्या खणात एक जास्तीची वस्तू आहे, तुझ्या यादीतली नाही. सुईपाशी लावायचं भिंग. दांडी वाकते, हवी तिथे थांबते. दोरा ओवायला मान मोडायची गरज नाही. नंबर दीड धरला आहे. तू माहेरी गेलीस तेव्हा सव्वा होता, आणि आता तिसरं वर्ष. तुझ्या बाबांच्या आजारपणात रात्री जागून शिवत होतीस हे तुझ्या भावाकडून कळलं होतं, तोही हिशोब धरला. चुकला असेल तर कळव, काच बदलून देईन.

बाबा गेले तेव्हा मी आलो होतो. दारातून तू मला 'बसा' म्हणालीस, जसं आलेल्या सगळ्यांना म्हणत होतीस. मी बसलो. शेजारचे गृहस्थ बसच्या वेळा सांगत होते. निघताना मी तुला सांगितलं की परतीची गाडी पाचची आहे. तू म्हणालीस, 'मग निघा, चुकेल.' तिकीट मी दोघांचं काढलं होतं. ते आता सांगून उपयोग नाही, पण वर्णन पूर्ण असावं.

दुसऱ्या खोलीबद्दल. मशीनला ती खोली द्या, असं तू सांगत होतीस आणि मी म्हणत होतो की पेट्यांना ओल चालत नाही. मशीन स्वयंपाकघरात सिंकजवळ राहिलं. आता पेट्या माझ्या खाटेखाली आणि चष्म्यांच्या दुकानात हलवल्या आहेत. ओल दुकानातही नाही, हे मी मोजून पाहिलं. खोली झाडून घेतली. संध्याकाळी बराच वेळ उजेड असतो तिथे. पेट्या होत्या म्हणून पडदा लावलेला असायचा, त्यामुळे इतकी वर्षं लक्षात आलं नाही.

खोलीत काही ठेवलेलं नाही.

चष्मेवाला


२४ एप्रिल

'भिंग बरं आहे. पावणेदोन हवा होता.' एवढंच कार्ड, पण नवीन काच आजच पाठवली आहे.

किड्याचं काम पुढे सरकलं. डॉक्टरांनी नमुने तपासले, नराचं पोट उघडून आतली रचनाही पाहिली. यांची खरी ओळख तिथेच पटते. नवीन जात. आता रीतसर वर्णन लिहून छापायचं. डॉक्टर म्हणाले, 'लिहा तुम्हीच, मी चुका काढतो.' मी लिहिलं, त्यांनी काढल्या. पुष्कळ होत्या. माझं शिक्षण पुस्तकं उसनी आणून झालेलं. डॉक्टर तीस वर्षं हेच करत आहेत. त्यांनी खोडलेलं प्रत्येक वाक्य मी समजून घेतलं आणि दोन ठिकाणी भांडलो. एका ठिकाणी जिंकलो.

रंगांच्या परिच्छेदाला त्यांनी हात लावला नाही. 'कांजी न धुतलेला' तेवढं गेलं. शेजारी लिहिलं, 'हे निरीक्षण कुणाचं आहे?'

म्हणून हे पत्र. आमच्या या कामात एक रीत आहे. नवीन जातीला एखाद्या माणसाचं नाव देता येतं. पण वर्णनाच्या लेखकाने स्वतःचं नाव द्यायचं नाही. कायद्याने मनाई नाही, पण लोक हसतात, आणि हसावंच.

तेव्हा दोनच रस्ते. मी एकटा लेखक राहतो आणि किड्याला तुझं नाव देतो. किंवा तू माझ्याबरोबर लेखक म्हणून येतेस. मग तुझं नाव किड्याला नाही, वर, माझ्या नावाशेजारी. दोन्ही एकदम होत नाही.

माझं मत विचारशील तर सांगणार नाही. रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. एकदा छापलं की बदलत नाही. आपण दोघेही नसू तेव्हाही कुणी ही जात पाहील त्याला ते पान उघडावं लागेल. एका रस्त्याने तू किड्याच्या अंगावर राहतेस. दुसऱ्याने माझ्या शेजारी.

ठरव. घाई नाही, पण तुतीचा मोसम संपत आला आहे आणि मादीच्या रंगाबद्दल मला एक शंका आहे. राखणदार डोळे मिटतो.

चष्मेवाला


११ मे

काल तुझा फोन आला, तोही तू होऊन केलेला. पण तू नेहमीप्रमाणे मध्येच ठेवलास, म्हणून उरलेलं लिहितो.

आपलं बोलणं मी उतरवून ठेवलं आहे, कारण डॉक्टरांना लेखी लागतं.

तू म्हणालीस, 'माझं नाव किड्याला? उद्या शेतकरी माझ्या नावाने औषध फवारतील.'

मी म्हणालो, हा शेतात जात नाही.

तू म्हणालीस, 'वर घाला. तुमच्याशेजारी. आणि अहो, माझं आधी.'

मी म्हणालो, वर्णमालेप्रमाणे घालतात.

तू म्हणालीस, 'वर्णमालेप्रमाणेच माझं आधी येतं. लग्नाच्या पत्रिकेतही नव्हतं आलं, इथे येऊ द्या.'

तपासून पाहिलं. येतं.

मग मी विचारलं, किड्याचं काय? त्याला नाव हवंच. तू म्हणालीस, 'तुम्हीच ठेवलंय की. पट्ट्या बांधून पडला होतात तेव्हा. असा किडा नसतो.' आणि ठेवलास.

तू टोमणा मारलास हे मला कळतं. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर एवढं कळतं. पण मी तो टोमणा रात्री शब्दकोशात नेला. लॅटिनमध्ये 'नसलेला' या अर्थाचा चांगला, छोटा शब्द आहे. व्याकरणात बसतो, आणि या कुळात तो आधी कुणी वापरलेला नाही. सकाळी डॉक्टरांना कळवला. ते म्हणाले, 'हे नाव कशावरून, असं खाली एका ओळीत लिहावं लागतं.' मी ओळ लिहिली: 'पहिल्या लेखिकेने हा किडा प्रथम पाहिला, तेव्हा दुसऱ्या लेखकाने तो असू शकत नाही असं सांगितलं, त्यावरून.' ती तशीच छापली जाणार आहे. मी त्यात फेरफार करू दिलेला नाही.

छापण्याआधीची प्रत पुढच्या आठवड्यात येते. दोन्ही लेखकांनी वाचून सही करायची आहे. टपालाने पाठवता येईल. पण मादीच्या शंकेचं टपालाने होणार नाही. जिवंत मादी अस्तरावर चालताना पाहावी लागेल, आणि तुती आता फार तर दोन रविवार देईल. मी काठी मारतो, छत्री कुणीतरी धरायला हवी. सकाळच्या गाडीने आलीस तर उन्हं चढायच्या आत होईल. दुसऱ्या खोलीत खाट टाकली आहे. ती मी हातांनी केली आहे, पण माझ्या यादीत धरू नकोस.

परतीच्या गाडीची वेळ या वेळी मी पाहिलेली नाही.

आणखी एक, कारण हे तुझ्या भावाकडून कळेल, आणि त्याच्याकडून आकडे फुगून येतात.

परवा दुकानात एक गृहस्थ आले. रंगांचा कारखाना आहे त्यांचा, संग्रहालयाला देणग्या देतात, नवीन जातीचं त्यांना तिथेच कळलं. आधी डोळे तपासून घेतले, जवळचा नंबर दोन निघाला, चौकट निवडली, आणि मग म्हणाले, 'त्या किड्याचं नाव अजून ठरायचं आहे म्हणतात. आमच्या आईचं द्याल? बागेची फार आवड होती तिला.'

मी म्हणालो, मग गुलाबाला द्या.

'गुलाब फार झाले हो. ते दर वर्षी नवीन निघतात. हे राहील.'

माणूस खोटा नव्हता. आईबद्दल बोलताना त्याने चष्मा काढून पुसला, आणि तो चष्मा स्वच्छ होता. मी त्याला चहा दिला. तुतीबद्दल सांगितलं, छापखान्याबद्दल सांगितलं, पट्ट्यांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, 'पण नाव तर अजून दिलेलं नाही ना तुम्ही?' तेव्हा तुझा फोन यायचा होता. नाव नव्हतं. तुझं उत्तरही नव्हतं. तू कुठल्या रस्त्याने येशील, की येणारच नाहीस, मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, जागा राखून ठेवली आहे.

'कुणासाठी?'

मी म्हणालो, घरात विचारायचं आहे.

त्याने काउंटरवरच्या कागदावर आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला. मी चष्मा लावून वाचला, उगाच चुकीचा वाचायला नको म्हणून. मग कागद परत त्याच्याकडे फिरवला आणि त्याच्या चौकटीचं माप घेतलं.

चार लाख.

तुझा,
चष्मेवाला